डावीकडचा ब्रेक

इंजिन बंद असलं की सर ‘तुम्ही’ म्हणत आणि चावी फिरली की ‘तू’. पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. छत्तीस वर्षांची बाई मी, कॉलेजात पोरं मॅडम मॅडम करत मागे फिरतात, आणि हा अनवाणी माणूस शेजारी बसून खेकसतोय, “क्लच सोड. अगं सोड की, त्याच्यावर काय झोपतेस?” गाडी आचके देत बंद पडली. त्याबरोबर सर एकदम अदबशीर झाले. “राग मानू नका. ‘तुम्ही कृपया ब्रेक दाबा’ एवढं म्हणेपर्यंत पुढची रिक्षा आपल्या मांडीवर येऊन बसते. करा सुरू.” मी चावी फिरवली. “हां, आता चल,” सर म्हणाले.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल कसलं, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता आणि दारात लाल ‘एल’ रंगवलेली जुनी पांढरी गाडी. सरांचं वय पासष्टच्या आसपास, अंग काटकुळं, शर्ट कायम इस्त्रीचा, आणि पायात काही नाही. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. सर त्या ब्रेकवर उघडा तळपाय ठेवून बसत. “ब्रेक कातडीला कळला पाहिजे,” म्हणत. मे महिन्यात ते लोखंड तव्यासारखं तापायचं, तरी पाय हलत नसे.

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ‘पायलट’ म्हणत, मग तो किराणा दुकानदार असो की कालपरवा लग्न झालेली सून. चावीला हात लावण्याआधी ठरलेला प्रश्न असे, “पायलट, कुठं निघालो?” नुसतं ठिकाण सांगून सुटका नाही. पोचल्यावर काय दिसतंय तेही सांगावं लागे.

“मखमलाबाद नाका,” मी म्हणायची.

“नाक्यावर काय दिसतंय?”

“रसाचं गुऱ्हाळ.”

“गुऱ्हाळात?”

“माणूस बसलाय.”

“काय करतोय?”

“आता मला काय माहीत सर, कानात काडी घालत असेल!”

“दिसला ना? झालं तर. आधी तुम्ही पोचा, गाडी मागनं येते.”

आणि खरं सांगते, त्या दिवशी आम्ही नाक्यावर पोचलो तर तो गुऱ्हाळवाला मान वाकडी करून कानात काडी घालत बसला होता. त्याला गिऱ्हाईक नसताना दुसरं काम तरी काय म्हणा. मी हसले. सर हसले नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली, वेळेवर आलेल्या बसकडे बघून हलवावी तशी.

त्यांच्या गाडीत तीन शब्दांना बंदी होती. एक ‘नको’. “खड्डा नको म्हणलीस की खड्डाच येतो. मनाला नको कळत नाही, त्याला फक्त खड्डा कळतो.” दुसरा ‘बापरे’. आणि तिसरा शब्द मी आजही गाडीत बसून उच्चारत नाही. लिहितानासुद्धा टाळतेय, हसा मला. घरात वाईटसाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, हे आपल्या सगळ्यांनाच आयांनी शिकवलेलं. सरांचं म्हणणं असं की गाडीलाही वास्तू असते. घराची वास्तू दिवसातून कधीतरी एकदा तथास्तु म्हणते, गाडीला मात्र दुसरा धंदाच नाही. शनिवारी लिंबू-मिरची विकणारा पोऱ्या गाडीला लिंबू बांधायला आला की ते त्याला पिटाळून लावत. “लिंबू बांधायचं म्हणजे संकटाला पत्ता लिहून द्यायचा, की बाबा मी इथं आहे.”

मला या सगळ्याची गंमत वाटे आणि चीडही येई, कारण माझा धंदा नेमका उलटा. मी मानसशास्त्र शिकलेली, नाशिकच्या एका कॉलेजात समुपदेशक. घाबरलेली पोरं माझ्यासमोर येऊन बसतात आणि मी त्यांना सांगते, विचार म्हणजे फक्त विचार. मनात आलं म्हणून घडत नाही. मनात येतं आणि जातं, दारावरून हातगाडी जावी तसं. हे दिवसभर सांगायचं आणि संध्याकाळी सरांच्या गाडीत बसून, नसलेल्या गुऱ्हाळवाल्याचा कान बघायचा, असं माझं चाललं होतं.

पण शिकणं भाग होतं. आमचं घर सायखेड्याला, मी आणि आई दोघीच. वडील गेल्यावर त्यांची गाडी अंगणात कापडाखाली उभी. भाऊ बंगळुरूला, तो फोनवरून “कॅब कर ना” एवढं सांगतो. आईच्या दोन्ही किडन्या बसल्या, तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार नाशिकला डायलिसिस. गावातल्या एकाची जीप ठरवली होती. एका शुक्रवारी तो आलाच नाही, फोनही उचलेना. शनिवारी दुपारपासून आईला धाप लागायला लागली, आणि रविवारी पहाटे ती भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून बसली होती, आणि प्रत्येक श्वासाला माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून कसंबसं नेलं. त्या बघण्यानं माझं काळीज फाटलं. सोमवारी मी सरांच्या टेबलासमोर उभी होते.

भीती मात्र मला भयंकर होती. चाक हातात आलं की माझ्या डोळ्यांपुढे चित्रं यायची. गाडी नदीत जाते, सायकलवरचा माणूस चाकाखाली येतो, मागच्या सीटवर आई. आमच्या शास्त्रात याला नाव आहे, त्यावर उपाय आहेत, मी ते इतरांना शिकवते. मला स्वतःला त्यातला एकही लागू पडत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. भाजीबाजारातून गाडी काढत होते आणि काही कारण नसताना शाळेतल्या शिवणाच्या बाई आठवल्या. वीस वर्षांत कधी दिसल्या नव्हत्या. तेवढ्यात गाडी गचकन थांबली. सरांनी ब्रेक दाबला होता. समोर नुसती कोथिंबिरीची हातगाडी, ती पण कडेला. मी तोंड उघडणार, तोच त्या हातगाडीच्या आडून छत्री टेकत एक म्हातारी आमच्या पुढ्यात आली. शिवणाच्या बाई. सर तिकडे बघतच नव्हते, ते माझ्याकडे बघत होते.

“कुणाला आणलंस?” त्यांनी विचारलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हार मानेन तर मी कसली. गाडी कडेला घेऊन, इंजिन बंद करून मी त्यांना व्याख्यान दिलं. “सर, नाशिक केवढंसं. दिवसाला शंभर माणसं मनात येतात, नव्व्याण्णव भेटत नाहीत, त्यांची आपण आठवण ठेवत नाही. एक भेटतं, त्याचा चमत्कार होतो.”

“नव्व्याण्णव मी ब्रेकनं अडवली असतील,” सर म्हणाले.

“पण त्या यायच्या आधी तुम्हाला कसं कळलं?”

“तुमच्या तोंडावर दिसल्या ना,” ते म्हणाले, आणि रुमालानं तळपाय पुसून पुन्हा ब्रेकवर ठेवला.

पुलाचं मात्र त्यांना सगळं श्रेय. आमच्या सायखेड्याच्या पुलावर पहिल्यांदा गाडी घातली, तेव्हा माझी नजर कठड्यावर चिकटली. मी मनात म्हणत होते, कठडा नको, कठडा नको. गाडी सरळ कठड्याकडेच निघाली. मी वळवत नव्हते, देवाशपथ. सरांनी उजव्या हातानं माझं मनगट ओढलं आणि पायानं ब्रेक दाबला. खाली गोदावरी संथ चाललेली. इंजिन बंद झालं तशी मी रडायला लागले.

“तुम्हीच नेलीत तिला तिकडे,” ते हळू म्हणाले. “डोळा जातो तिकडं हात जातो, हात जातो तिकडं गाडी. यात देवाधर्माचं काही नाही. तुमच्या पुस्तकातही असेल.” आहे. खरंच आहे. मग त्यांनी मला पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक गोष्ट निवडायला लावली. एका घराच्या गच्चीवर निळी टाकी होती. त्या टाकीवर नजर ठेवून त्यांनी माझ्याकडून पूल अकरा वेळा पार करवला. बाराव्या वेळी मी कठडा विसरले होते. त्या संध्याकाळी मला इतकं बरं वाटलं की मी सरांना आमच्या बागेतली पेटीभर द्राक्षं दिली.

आता वळणाचं सांगते. हायवे सोडून द्राक्षबागांमधून आमच्या गावाकडे एक आतला रस्ता येतो. त्यावर एका ठिकाणी कडुनिंबाशी आंधळं वळण आहे. तिथे आलं की सर गाडी थांबवायला लावत, खाली उतरत आणि एकटे अनवाणी चालत वळणापलीकडे जात. नजर रस्त्याच्या मधोमध, मान जराही इकडे-तिकडे नाही. पलीकडून हात करत, मग आपण गाडी पायी चालल्यासारखी हळू आणायची. त्यांच्या हाताखालून गेलेले सगळेच तसं करत. निफाडपर्यंत त्याला ‘सरांचं वळण’ म्हणत. कुणी विचारलं तर “पुढं रस्ता खराब आहे” एवढंच उत्तर. रस्ता अगदी गुळगुळीत होता.

मी विचारलं, तेव्हा लायसन्सच्या परीक्षेला चार दिवस उरले होते. सरांनी गाडी कडेला घ्यायला लावली. मग म्हणाले, “इंजिन बंद कर.”

तरुणपणी ते द्राक्षांचा टेम्पो चालवत. एकदा या वळणावर त्यांच्या मनात एक चित्र आलं. पोपटी साडीतली एक बाई, हातात पिशवी, कडुनिंबामागून रस्त्यावर पाऊल टाकते, आणि त्यांचा टेम्पो. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं, काही घडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच चित्र. तिसऱ्या दिवशी चेहरासुद्धा दिसला, ओळखू येईल इतका. त्यांनी टेम्पोची चावी मालकाच्या हातात दिली आणि त्या दिवसापासून, म्हणजे तीस वर्षं, चाकाला हात लावला नाही.

“झालेलं असतं तर एकदाच झालं असतं, पायलट. न झालेलं रोज होतं.”

“मग हे स्कूल?”

“मारायला चाक लागतं. वाचवायला ब्रेक पुरतो. म्हणून मी इकडं बसलो. ती कुठंही, कुणाच्याही गाडीपुढं आली तरी माझा पाय तयार पाहिजे.”

मला भडभडून आलं. किती वर्षं हा माणूस एकटा हे ओढतोय! मी माझं शास्त्र बाहेर काढलं. म्हटलं, सर, नको असलेले विचार सगळ्यांच्या मनात येतात. तुम्ही त्याला इतका मान दिलात, त्याच्यासाठी गाडी सोडलीत, म्हणून तो ठाण मांडून बसला. पळालात की तो मागे लागतो. उभं राहून बघाल तर विरून जातो. यावर उपचार आहेत.

सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “तुमच्या पुस्तकात ती बाई आहे?” त्यांनी विचारलं.

“बाई नाही सर, विचार आहे.”

“मग तुमचं पुस्तक तिला ओळखत नाही,” ते म्हणाले. मी चावी फिरवली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “तुला सांगायला नको होतं मी.” बंदी घातलेला ‘नको’ त्यांनी स्वतःसाठी वापरलेला मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला.

लायसन्स मिळालं. मी आईला मागच्या सीटवर उशी देऊन निजवायची, शाल पांघरायची आणि निघायची. पूल पार करताना निळी टाकी. वळणावर पायी चालल्यासारखी गाडी. सगळं झकास चाललं होतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी परत येताना वळणावर, कडुनिंबाखाली बाई उभी होती. पोपटी साडी, हातात पिशवी.

मी नजर रस्त्याच्या टोकाला लावली आणि निघून आले. घरी आल्यावर स्वतःला चार शब्द सुनावले. अगं बाई, पोपटी साड्या तालुक्यात ढिगानं आहेत, बागांत मजूर बायका आहेत, त्या गाडीची वाट बघतात. ती आधीही उभी असेल, तुला आता दिसतेय, एवढंच. शुक्रवारी ती पुन्हा होती. या वेळी चाक डावीकडे ओढलं गेलं, पुलावर गेलं होतं तसं. जेमतेम आवरलं. मागे आई कण्हली. त्या रात्री मला झोप आली नाही. मला सरांचं तेव्हा कळलं, आतून, पुरतं कळलं. गाडी बंद करून कापड टाकावं आणि पुन्हा हात लावू नये, असंच वाटत होतं. पण मग आई? पुन्हा त्या जीपवाल्याच्या भरवशावर? भिंतीला टेकून बसलेली आई मला दिसायला लागली. एकीकडे ती बाई, एकीकडे ही.

पुढच्या मंगळवारी मी मुकाट निघाले. जाताना वळणावर कुणी नव्हतं. येताना होती. मी चाक घट्ट आवळलं आणि मागून आईचा आवाज आला, “थांबव गाडी. घे तिला आत.”

मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू! आईला दिसतेय. म्हणजे बाई आहे, खरीखुरी, हाडामांसाची. मी ब्रेक दाबला, हात मागे टाकून दार उघडलं. दार लागल्याचा आवाज झाला. मी आरशात बघितलं नाही, चाकावरची नजर काढायची मला हिंमत नव्हती.

“लय वेळ झाला उभी हाय,” बाई म्हणाली. “येक गाडी थांबंना.”

“कुठं जायचंय, मावशी?”

“म्होरं मळ्यात. तितवर सोडा.”

“रोज असता का इथं?”

“असती की. गाड्या हितं आल्या की हळू व्हत्यात, पन थांबत नाय कुनी. लाल अक्षराच्या गाडीतला म्हातारा तर खाली उतरून चालत जातो. माझ्या अंगावरनं जातो, पन वर बघत नाय.”

मी गाडी हळू चालवत राहिले. पुढे एका बागेच्या फाटकाशी ती “हितंच” म्हणाली. उतरून वेलींच्या मधून चालत गेली. तेव्हा मात्र मी तिला पाठमोरी बघितली. साधी बाई होती. तिशीची म्हणावी तर तिशीची, पन्नाशीची म्हणावी तर पन्नाशीची.

आईला घरात निजवून मी सरांना फोन लावला. “सर, ती भेटली. मी तिला गाडीत घेतली आणि तिच्या मळ्यात सोडली. बाई आहे सर, खरी. चालत गेली.”

सरांनी एकच विचारलं, “चपला होत्या पायात?”

“होत्या.”

“दोन्ही?”

“दोन्ही, सर.”

“मला कायम एकच दिसते,” सर म्हणाले, आणि तो म्हातारा माणूस फोनवर हुंदके देऊन रडायला लागला. मीही रडले. मग ते म्हणाले, “रविवारी येतो. तुमच्या आईंना भेटायला. मी चालवत येतो.”

रविवारी दुपारी लाल ‘एल’वाली गाडी अंगणात शिरली, तेव्हा उजव्या बाजूला सर होते आणि डावी सीट रिकामी. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. पण चेहरा! तीस वर्षांनी शाळा सुटल्यासारखा. “येताना वळणावर कुणीच नव्हतं,” म्हणाले. आईनं चहा केला, रव्याचे लाडू पुढे ठेवले. सरांनी दोन खाल्ले, तिसरा मागून घेतला. मग आईला विचारलं, “तुम्ही होतात ना गाडीत? तुमच्या शेजारीच बसली ना ती?”

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं. “व्हय. बसली की,” ती म्हणाली.

चारच्या सुमारास सर निघाले. मी वळणापर्यंत सोबत येते म्हटलं, तर म्हणाले, “कशाला? आता माझं मी जातो.” गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी हात हलवत होते.

घरात आले आणि सहज आईला म्हटलं, “बरं झालं बाई, तुला दिसली ती. नाहीतर मला वेडच लागलं असतं.”

आई लाडवांचा डबा बंद करत होती. “मला कुठं काय दिसतंय?” ती म्हणाली. “सुया काढल्या की घरी येईस्तवर डोळ्यांपुढं अंधारी असती. तूच ‘ती बाई, ती बाई’ करीत व्हतीस. हात कापत व्हते तुझे. म्हटलं, येकदाची घे तिला आत, म्हंजी सुटशील.”

“अगं पण ती बोलली माझ्याशी! तू ऐकलंस ना?”

“बोलत तू येकटीच व्हतीस,” आई म्हणाली. “दार तू उघडलंस, तूच लावलंस. मग मळ्यापाशी थांबलीस. मला काय दिसंना, काय ऐकू येईना. पन म्हटलं, असली तर असू दे बापडी. गारठ्यात उभी व्हती म्हनं. म्हनून माझी अर्धी शाल तिकडच्या बाजूला सरकवून ठिवली. म्हाताऱ्याला मी हे कशाला सांगू? लय आनंदात व्हता तो.”

 मी फोन उचलला आणि तसाच हातात धरून उभी राहिले. सर त्या क्षणी रस्त्यावर होते, एकटे. चाक त्यांच्या हातात होतं, डावीकडच्या ब्रेकवर कुणाचा पाय नव्हता, आणि वळण पुढे होतं. माझ्या शब्दावर तो माणूस चाकाशी बसला होता. काय सांगणार होते मी त्यांना? की सर, ती बाई नव्हती? की सर, तुमचा विचार आता माझ्याही डोक्यात राहायला आलाय? गाडी चालवणाऱ्याच्या कानात हे घालायचं? खरं बोलले तर त्यांचा जीव जाईल आणि नकळत खोटं बोलून त्यांना आधीच रस्त्यावर पाठवून बसले होते. आयुष्यात इतकं हतबल मला कधी वाटलं नव्हतं.

मी फोन खाली ठेवला, ओट्यावर बसले आणि डोळे मिटले. त्यांना पोचवायला लागले. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. पंचवटीतली गल्ली आणली, कोथिंबिरीच्या हातगाड्या आणल्या, टेबल, पिवळा तक्ता. सर गाडीतून उतरतात. दार लावतात. कुलपात चावी घालतात. मधूनच ते वळण घुसायचं, पोपटी रंग घुसायचा. मी पुन्हा गल्लीपासून सुरुवात करायची. समुपदेशक बाई आपल्या ओट्यावर बसून एका म्हाताऱ्याला मनानं घरी ओढून आणत होती, आणि माझ्या कॉलेजातल्या पोरांनी मला बघितलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे. घामानं मी भिजले होते.

तासाभरानं फोन वाजला.

“पोचलो, पायलट.”

 “सर,” एवढंच कसंबसं म्हटलं. “वळणावर...”

“होती ना. मीच थांबलो. मळ्यापर्यंत सोडली.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून भाजी आणल्याचं सांगावं तसा. “जास्त बोलत नाही ती. पण तुमच्या आईंना निरोप दिलाय. म्हणाली, आजींनी अर्धी शाल पायांवर टाकली, लय ऊब आली, त्यांना सांगा.”

शालीचं मला तासापूर्वी कळलं होतं. सर निघून गेल्यावर. मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

फोन ठेवून मी आत गेले. आई दिव्याची वात सारखी करत होती. “पोचला का म्हातारा?” तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, शालीचंही. तिनं ऐकलं, हात पुसले.

“मंगळवारी मोठी शाल काढ मग,” आई म्हणाली. “त्या लहानीत दोघींचं भागायचं नाय.”